‘टीचर’ या शब्दातून ‘थ्री’ होतो की नाही?

रेणापूरची_गिरणी

नमस्कार. माझी धाकटी लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे, यंदा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलंय. दर शनिवारी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहून देतात. त्यातली अक्षरं घेऊन जमतील तितके शब्द घरून करून न्यायचे. या शनिवारी शब्द होता टीचर. टी, ई, ए, सी, एच, ई, आर. (मला फोनवर मराठीतच लिहिता येतं, म्हणून अक्षरांची नावं अशीच लिहिते.)

तिनं १४ शब्द केले. प्यायचा टी, ईट, त्याचा भूतकाळ एट, हॅट, कॅट, रॅट, कार, आर्ट, हर, ही, कानाचा इअर, ऐकायचा हिअर, थ्री आणि थिएटर. शेवटचे दोन खोडून आले. शेजारी शेरा होता, ‘एक अक्षर दोनदा वापरले.’

लेकरू घरी येऊन जेवलंच नाही. दोन शब्द गेले म्हणून नाही, थ्री गेला म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी लाईट आल्यावर मी गिरणी चालू केली आणि रांगेतले दळणाचे डबे मोजत होते. ती पिठाच्या पोत्यावर वही घेऊन बसली होती. माझं मोजणं ऐकता ऐकता एकदम ओरडली, ‘मम्मी, थ्री होतो!’ तिचा एकटीचा शब्द होता तो, कुठल्या गाईडमधला नव्हता.

माझं शिक्षण बारावी, आणि आमच्या वेळेला इंग्रजी पाचवीपासून होतं. मला वाटतं थ्री बरोबर आहे. पण मग थिएटर का नाही, ते मला सांगता येईना. शाळेतल्या मॅडम नवीन आहेत आणि मनापासून शिकवतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये. मला आधी नियम नीट समजून घ्यायचाय, म्हणजे लेकराला चुकीचं सांगितलं जाणार नाही. दुसरं म्हणजे, असे शब्द शोधायची काही रीत आहे का? ती सुचेल तसं लिहिते. सुचायचं थांबलं की रडकुंडीला येते.

अंबाजोगाईचे_सर

ताई, तुमच्या लेकीचा ‘थ्री’ शंभर टक्के बरोबर आहे. मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे ठामपणे सांगतो.

नियम एवढाच आहे की दिलेल्या शब्दात एखादं अक्षर जितक्या वेळा आलंय, तितक्याच वेळा तुम्हाला ते वापरता येतं. टीचरमध्ये ई दोन आहेत, म्हणून टी-एच-आर-ई-ई चालतो. थिएटरचं स्पेलिंग टी-एच-ई-ए-टी-आर-ई. त्यात ई दोनच आहेत, त्यांची हरकत नाही. पण टी दोन लागतात, आणि टीचरमध्ये टी एकच आहे. तो शब्द तिथंच पडतो. ‘दोनदा वापरले’ हा शेरा थिएटरला लागू होतो, थ्रीला होत नाही. मॅडमनी घाईत दोन्हींवर एकच रेघ मारली असावी. चाळीस वह्या तपासताना असं होतं.

आता रीत. पोरं अडतात ती बहुधा कानामुळं. आपली मराठी जशी बोलतो तशी लिहितो, म्हणून मूल आधी आवाज शोधतं आणि मग अक्षर. इंग्रजीत तसं केलं की फसगत होते. ई-ए-आर ही तीन अक्षरं घ्या. नुसती असली की इअर. पुढं एच लावला की हिअर. त्याच्याच मागं टी लावला की हार्ट, म्हणजे काळीज. तो एच उचलून शेवटी ठेवला की अर्थ, म्हणजे पृथ्वी. आणि टी पुढं घेतला की टिअर, म्हणजे आसू. तेच स्पेलिंग ‘टेअर’ असं वाचलं की फाडणं. तीन अक्षरं जागची हललीसुद्धा नाहीत आणि आवाज किती बदलले बघा. कानानं शोधणाऱ्या लेकराला हिअर सापडतो, हार्ट सापडत नाही. तुमच्या लेकीच्या यादीत नेमकं हेच झालंय.

म्हणून आधी जोड्या पाठ करून घ्या. सी-एच, टी-एच, टी-आर, सी-आर, ई-ए, ई-ई. टीचरमध्ये या सगळ्या आहेत. एक जोडी धरायची आणि बाकीची अक्षरं तिच्या मागं-पुढं लावून बघायची. सी-एच धरला की ईच, रीच, टीच, चार्ट, चीट, चीअर निघतात. टी-आर धरला की ट्री, ट्रेस. सी-आर धरला की क्रेट, क्रिएट. टी-एच धरला की देअर, आणि तुमचा थ्री. देअर आणि थ्री यांची अक्षरं तीच पाच आहेत हे तिला दाखवा. खोडलेल्या शब्दाचा सख्खा भाऊ तो.

परीक्षेत इंग्रजीचे प्रश्न २५, गुण ५०. या प्रकारचे प्रश्न त्यात थोडेच असतात. पण अक्षरांकडं बारीक बघायची सवय सगळीकडं उपयोगी पडते.

उदगीर_पुणे

सरांनी नियम सांगितला, मी शोधायची एक युक्ती सांगतो. मी कॉम्प्युटरचं काम करतो. आमच्याकडं हेच काम मशीनला करायला लावतात तेव्हा ते डोकं चालवत नाही, नुसती अक्षरं क्रमानं लावतं.

केअर हा शब्द घ्या. सी-ए-आर-ई. इंग्रजी बाराखडीच्या क्रमानं लावली की ए-सी-ई-आर. आता रेस लावा, आर-ए-सी-ई. पुन्हा ए-सी-ई-आर. एकर लावा, ए-सी-आर-ई. तेच. म्हणजे हे तिन्ही शब्द एका घरातले. त्या घराचं नाव ए-सी-ई-आर. एका वहीत पानाच्या वर असं घराचं नाव लिहायचं आणि खाली त्या घरातले शब्द. ए-ई-टी या घरात टी, ईट, एट. ए-ई-एच-आर-टी या घरात हार्ट आणि अर्थ. नवीन शब्द भेटला की अक्षरं क्रमानं लावायची आणि त्याच्या घरात नेऊन टाकायचा. दोन महिन्यांत वही भरते.

हे का उपयोगी, ते आकड्यात सांगतो. टीचरची सातही अक्षरं वापरून जितक्या वेगवेगळ्या मांडण्या होतात त्या २,५२०. सात अक्षरांच्या ५,०४०, पण ई दोन असल्यामुळं निम्म्या. एवढ्या कोणी तपासायच्या? पण सातातली काही अक्षरं उचलायची आणि क्रम बघायचाच नाही असं ठरवलं, तर वेगवेगळे गठ्ठे होतात फक्त ९५. एका अक्षराचे, दोन अक्षरांचे, मग वाढत सातपर्यंत, सगळे धरून. पंचाण्णव पाचवीचं मूल करू शकतं. त्यातले पंधरा तर बघताक्षणीच सोडून देता येतात, कारण सी-एच-आर-टी असल्या गठ्ठ्यात स्वरच नाही.

आता ताई, तुम्हाला आणि लेकीला एक गंमत सांगतो. टीचरची सातही अक्षरं वापरून होणारा एक शब्द तुमच्या घरात, कपाटात ठेवलेला असणार. सातबारा काढून बघा. त्यावर क्षेत्र कशात लिहिलंय? हेक्टर आणि आर. हेक्टरचं इंग्रजी स्पेलिंग एच-ई-सी-टी-ए-आर-ई. टीचरमधलं एकही अक्षर उरत नाही. आणि आर म्हणजे ए-आर-ई, तोही टीचरमध्ये आहे. एकर आधीच आलाय. जमीन मोजायची ही तिन्ही मापं टीचर या एका शब्दात बसलीत. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी ऑफिसमधून वडिलांना फोन केला होता.

आपल्याकडच्या नावांचंही करून बघा. लातूरचं स्पेलिंग एल-ए-टी-यू-आर, तीच अक्षरं फिरवली की अल्ट्रा. परळीचं पी-ए-आर-एल-आय, त्याचं होतं एप्रिल. उदगीरचं काही होत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

रेणापूरची_गिरणी

सर, दादा, दोघांचेही आभार. सातबारा खरंच काढला. आमच्या सासऱ्यांच्या नावावर १ हेक्टर २० आर आहे. लेकीनं स्पेलिंग मांडलं, एकेक अक्षरावर बोट ठेवून टीचरमधलं अक्षर खोडत गेली आणि शेवटचा ई खोडल्यावर माझ्याकडं बघतच राहिली. सासरे शेजारी बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आर म्हणजे काय ते त्यांनीच तिला समजावलं. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि आर म्हणजे आपल्या गुंठ्याएवढाच, अगदी किंचित कमी. चाळीस गुंठ्यांचा एकर तिला ठाऊक होता. अडीच एकराला थोडं कमी म्हणजे एक हेक्टर, हे तिला त्या दिवशी कळलं.

एकच अडचण राहिली. वहीवर करताना अजूनही चुकून एक अक्षर दोनदा घेते. काल चॅट हा शब्द करताना टी दोन घातले, हॅट केला तेव्हा बरोबर होती. मोजायचं तिच्या लक्षात राहत नाही.

खिळे_नांदेड

ताई, तिच्या लक्षात राहायची गरजच नाही. अक्षरं हातात द्या तिच्या.

मी नांदेडला छापखान्यात कंपोझिटर होतो. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचं काम. सोळाव्या वर्षी लागलो, बावीस वर्षं केलं, मग कॉम्प्युटर आले आणि केसी भंगारात गेल्या. केस म्हणजे खिळ्यांची लाकडी पेटी, आत खण पाडलेले, एका खणात एक अक्षर. इंग्रजीच्या केसमध्ये सगळ्यात मोठा खण ईचा. का, तर इंग्रजीत ईच सगळ्यात जास्त लागतो. पहिल्या दिवशी उस्तादांनी मला तो खण दाखवला आणि म्हणाले, हा भरलेला आहे का ते रोज सकाळी आधी बघायचं. क्यू आणि झेडचे खण बोटभर. आपल्या देवनागरीच्या केसी तर भिंतभर असायच्या, काना, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं सगळ्यांचे वेगळे खिळे. त्यामानानं इंग्रजी लहान लेकरासारखी.

सांगायचं हे की खिळा हातात असला की नियम पाठ करावा लागत नाही. टी एकच असेल तर दुसरा आणणार कुठून? थिएटर जुळवायला बसलात की चार अक्षरांनंतर बोटं थांबतात. टीचा खिळा आधीच स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, उभा आहे आणि समोर दुसरा नाही. चूक करायची म्हटली तरी होत नाही. वहीवर पेन्सिल कितीही टी काढते, म्हणून वहीवर चूक होते.

तेव्हा पुठ्ठा घ्या. चहाच्या पुड्याचा, साबणाचा, कसलाही. सारखे चौकोन कापा, ठळक अक्षर काढा. टीचरसाठी सात चौकोन, त्यात ई दोन. खाली आडवी रेघ मारायला विसरू नका. नाहीतर पी उलटा होऊन डी होतो, बी उलटा होऊन क्यू. आम्ही ओळ उलटीच जुळवायचो आणि उलटीच वाचायचो, त्यामुळं या चार अक्षरांनी मला पहिल्या वर्षी फार सतावलं. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, बोटाला लागली की बाजू कळते. तुमच्या पुठ्ठ्यावरची रेघ तेच काम करील.

आणि सगळी अक्षरं बरोबर असूनही शब्द चुकतो, हे तिला आत्ताच कळू द्या. माझ्या हातून एकदा झालंय. एका दूधवाल्याच्या बिलबुकाचं काम होतं, ५० बुकं. मी डेअरीऐवजी डायरी जुळवलं. डी-ए-आय-आर-वाय आणि डी-आय-ए-आर-वाय, खिळे तेच पाच, मधल्या दोघांची जागा बदललेली. मुद्रितं वाचणाऱ्याच्या नजरेतून गेलं, मालकाच्या नजरेतून गेलं. अक्षर एकही जास्त नाही की कमी नाही, तर डोळा अडणार कुठं? सगळी बुकं छापून, शिवून, बांधून गेली. दूधवाल्याच्या कॉलेजातल्या मुलानं पाहिलं. तो दूधवाला भला माणूस होता, बुकं परत केली नाहीत. पण मालकानं पैसे घेतले नाहीत, आणि मला त्या महिन्यात पगार मागायला तोंड नव्हतं. तेव्हापासून डेअरी, डायरी, फॉर्म, फ्रॉम, क्वाएट, क्वाईट, ट्रायल, ट्रेल हे शब्द आले की मी खिळ्यावर नख ठेवून एकेक अक्षर वाचायचो. तुमच्या लेकीला हे जोडशब्द आत्ता माहीत झाले तर पुढं शुद्धलेखनात तिचे गुण जाणार नाहीत.

अंबाजोगाईचे_सर

पुठ्ठ्याची सूचना फार चांगली आहे. मी वर्गात इतकी वर्षं तोंडी नियमच सांगत आलो. एक भर घालतो. चौकोन समोर पसरले की ए आणि दोन्ही ई बाजूला मांडायला सांगा, बाकीची अक्षरं दुसऱ्या बाजूला. एक स्वर मध्ये ठेवायचा आणि व्यंजनं दोन्हीकडून आणायची. डोळ्याला लवकर सापडतं.

आणि मराठीतही हा खेळ खेळा, म्हणजे तिला दोन्ही भाषांतला फरक कळेल. आपल्याकडं अक्षर मात्रेसकट हलतं. काम उलटं केलं की मका. राजचा जरा, कानचा नका, आणि गरमची अक्षरं फिरवली की मगर. काना का-ला चिकटलेलाच राहतो, सुटा होऊन म-ला जाऊन बसत नाही. इंग्रजीत मात्र स्वर सुटा असतो, तो कुठंही जाऊन बसतो आणि शेजाऱ्याचा आवाजही बदलून टाकतो. एका अर्थी आपलं लेकरू इंग्रजीत अडखळतं ते याच्यामुळं. आपल्या सवयीनं ते स्वराला व्यंजनापासून सोडवतच नाही.

उदगीर_पुणे

नांदेडचे काका, ईच्या खणाचं वाचून अंगावर काटा आला. स्क्रॅबल नावाचा खेळ आहे ना, त्यात अक्षरांच्या १०० चौकोनी तुकड्यांत ईचे १२ असतात, सगळ्यात जास्त. क्यू आणि झेडचा एकेकच. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९३० च्या दशकात वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं. तुमच्या उस्तादांचा खण आणि त्याचा हिशेब एकच निघाला.

रेणापूरची_गिरणी

उशिरा लिहितेय, इकडं दोन दिवस लाईटचा घोळ होता आणि दळणं साचली होती.

चहाच्या पुड्याचे चौकोन केले. काकांनी सांगितल्याप्रमाणं खाली रेघ मारली. ते मोठ्या ताटात टाकून ती आणि तिचे आजोबा बसले. आजोबांना अक्षरं ओळखता येत नाहीत, पण ते एकच काम करत होते. तिनं शब्द लावला की ताटात काय उरलं ते मोजून सांगायचे. ‘तीन उरले,’ ‘दोन उरले.’ मग ती उरलेल्यांतलं आणखी काही बसतं का ते बघायची. टीनंतर टीच तिला असाच मिळाला, आणि रेसचा आर थोडा सरकवून एकर. थिएटर स्वतःहून लावायला गेली. ‘अर्धाच होतोय, टी संपला,’ म्हणाली आणि हात मागं घेतला. मी काही बोलले नव्हते.

तिची यादी आता ३८ वर गेली. त्यातला एकही मी सांगितलेला नाही, हेक्टर सोडला तर. तो दादांचा.

शाळेतही गेले होते. वाद घालायला नाही, वही घेऊन. मॅडमनी वर्गात सगळ्यांसमोर टीचरमधले ई मोजले, थ्रीवरची रेघ पुसली आणि लेकीलाच फळ्याजवळ बोलावून थिएटर का होत नाही ते समजावून सांगायला लावलं. पुठ्ठ्याचे चौकोन त्यांनी बघायला मागून घेतले. आता वर्गातली सगळी पोरं करून आणणार आहेत.

या शनिवारचा शब्द आहे गार्डन. जी, ए, आर, डी, ई, एन. सहा चौकोन कापून झालेत. सहाही वापरून एक शब्द होतो असं मॅडम म्हणाल्या, तो शोधायचाय. ती आजोबांना घेऊन बसलीये. मला येतोय, पण मी गिरणीवर थांबलेय.

खिळे_नांदेड

एक नाही, आणखीही आहेत. पण ती ज्याच्या शोधात आहे तो तिनं शेकडो वेळा वाचलाय. तुमच्या गावच्या विजेच्या डीपीवर, कवटीच्या चित्राखाली लाल अक्षरांत असतो. आजोबांना म्हणावं, तिला सांगू नका. उद्या शाळेत जाताना डीपीवरून जाऊ द्या.